किरचॉफचे नियम

विद्युत परिपथाच्या प्रत्येक शाखेतून किती धारा वाहते आणि प्रत्येक घटकाच्या टोकांत किती विभवांतर (व्होल्टेज, म्हणजेच दाब) असते, हे काढण्याचे दोन मूलभूत नियम. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव्ह किरचॉफ (१८२४–१८८७) यांनी ते १८४५ मध्ये, विद्यार्थी असतानाच मांडले.

एकट्या रोधासाठी ओहमचा नियम (विभवांतर = धारा × रोध) पुरतो. एकसर व समांतर जोडण्या असतील तर रोध एकत्र करत परिपथ लहान करता येतो. असंतुलित व्हीटस्टन सेतूत (पाच रोधांच्या एका विशिष्ट जोडणीत) मात्र हा मार्ग खुंटतो, कारण त्यातील पाच रोधांपैकी कोणतेही दोन एकमेकांशी एकसरही नसतात आणि समांतरही नसतात. वेगवेगळ्या शाखांत बॅटऱ्या असतील तेव्हाही हीच अडचण येते.

धारेचा नियम असा : संधीकडे, म्हणजे शाखा जिथे एकत्र येतात त्या बिंदूकडे, येणाऱ्या धारांची बेरीज तिथून निघणाऱ्या धारांच्या बेरजेइतकी असते, कारण संधीत प्रभार (विद्युतभार) साठून राहत नाही. दाबाचा नियम असा : बंद वळशाची एक फेरी पूर्ण केली की विभवातील चढउतारांची बैजिक बेरीज शून्य येते. याच्या मुळाशी ऊर्जेची अक्षय्यता आहे.

समजा, १२ व्होल्टची बॅटरी २ ओहम रोधातून आणि ६ व्होल्टची बॅटरी दुसऱ्या २ ओहम रोधातून एकाच ८ ओहमच्या रोधाला जोडली आहे. दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके संधीच्या बाजूला आहेत. बॅटऱ्यांतून संधीकडे येणाऱ्या धारा क आणि ख, तर ८ ओहममधून जाणारी धारा ग मानू. मग

क + ख = ग
१२ − २क − ८ग = ०
६ − २ख − ८ग = ०

ही समीकरणे सोडवली की क = २, ख = −१ आणि ग = १ अँपिअर मिळते. ख चे ऋण चिन्ह पाहून उत्तर चुकले असे अनेकांना वाटते आणि ते चिन्ह खोडून टाकले जाते. खरे तर या गणितातली सर्वांत मोलाची माहिती त्या चिन्हातच आहे : दुसऱ्या बॅटरीतून धारा बाहेर पडत नसून आत शिरते आहे, म्हणजे ती बॅटरी प्रभारित (चार्ज) होत आहे. शक्तीचा हिशेबही तेच सांगतो. पहिली बॅटरी २४ वॅट देते. त्यातले ८, २ आणि ८ वॅट तीन रोधांत उष्णतेत जातात आणि उरलेले ६ दुसऱ्या बॅटरीत साठतात. म्हणून सुरुवातीला धारेची दिशा कोणतीही धरली तरी चालते. एकदा धरलेली दिशा मात्र शेवटपर्यंत बदलायची नाही. विद्यार्थ्यांच्या अनेक चुका इथेच होतात. रोध धारेच्या दिशेने ओलांडला तर विभव घटते, उलट दिशेने ओलांडला तर वाढते. बॅटरीत ऋण टोकाकडून धन टोकाकडे गेले तर विभव वाढते, मग धारा कुठेही वाहो.

समीकरणे किती लागतात, याचे उत्तर किरचॉफ यांनी १८४७ मध्ये दिले. परिपथ सलग असून त्यात संधींची संख्या ‘न’ आणि शाखांची संख्या ‘श’ असेल, तर धारेची न − १ आणि दाबाची श − न + १ समीकरणे स्वतंत्र असतात. वरच्या उदाहरणात दोन संधी व तीन शाखा आहेत, म्हणून समीकरणे एक आणि दोन. याहून जास्त मांडली तर ती आधीच्यांतूनच निघालेली असतात. संगणकावर परिपथ सोडवणारी स्पाइससारखी साधने मुख्यतः संधींची विभवे अज्ञात मानून धारेची समीकरणे लिहितात.

प्रत्यावर्ती धारेतही (एसी) नियम तेच राहतात, पण तिथे कलेचा (फेजचा), म्हणजे चढउतार एकमेकांच्या किती मागेपुढे आहेत याचा, विचार करावा लागतो. एकसर जोडलेल्या रोधावर ३० आणि आदर्श प्रवर्तकावर (स्वतःचा रोध नसलेल्या तारेच्या वेटोळ्यावर) ४० व्होल्ट दिसत असतील, तर स्रोताचा दाब ७० नव्हे, ५० व्होल्ट असतो, कारण हे दोन दाब एकमेकांपासून ९० अंशांनी सरकलेले असतात.

परिपथाचा आकार तरंगलांबीपेक्षा खूप लहान असेल तोवरच हे नियम भरवशाचे असतात. ५० हर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे ६,००० किलोमीटर असते, त्यामुळे घरातल्या वायरिंगमध्ये शंकेला जागा नाही. ३ गिगाहर्ट्‌झला ती अवघी १० सेंटिमीटर होते. तिथे एकाच तारेच्या दोन टोकांतली धारा एका क्षणी वेगळी असू शकते. तसेच वळशातून जाणारा चुंबकीय प्रवाह बाहेरून बदलत असेल तर दाबांची बेरीज शून्य येत नाही आणि फॅराडेचा प्रवर्तनाचा नियम वापरावा लागतो.