बँटम कोंबड्यांची अंडी व खुडूक

बँटम म्हणजे शोभेसाठी पाळल्या जाणाऱ्या ठेंगण्या कोंबड्या. सेब्राइट, पेकिन, जपानी चाबो आणि मलेशियातील केलांतानची सेरामा या मूळच्याच ठेंगण्या जाती. इतर अनेक बँटम मोठ्या जातींपासून निवडीने लहान केलेले आहेत. सिल्कीही बहुधा त्यांच्याबरोबरच पाळली जाते. पिसारा, तुरा आणि ठेवण पाहून या जाती जोपासल्या गेल्या, अंडी पाहून नव्हे. त्यामुळे पोल्ट्रीच्या लेयर, म्हणजे अंड्यांसाठीच पाळलेल्या, कोंबडीचा हिशेब त्यांना लावू नये. बँटम टप्प्याटप्प्याने अंडी घालते. मधली विश्रांती हा आजार नसतो.

तलंग, म्हणजे अजून अंडी न घातलेली तरुण कोंबडी, पाच ते सात महिन्यांची झाली की अंड्यावर येते. तुरा लाल व मोठा होतो, पाठीवर हात ठेवताच ती दबून बसते, आणि शेपटीखालच्या दोन हाडांत दोन बोटांइतके अंतर पडते. पहिली काही अंडी फार लहान असतात. एखाद्यात बलकही नसतो. पुढे अंडे साधारण ३० ते ४० ग्रॅम भरते. सेरामाचे त्याहून लहान असते. अंड्याच्या मानाने बलक मोठा असतो. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेली अंड्यावरची कोंबडी नव्या जागी दोन-तीन आठवडे अंडी देत नाही. जागा, खाद्य आणि सोबत एकदम बदलल्याचा तो परिणाम असतो.

एक अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात; त्यांतले सुमारे २० तास कवच चढण्यात जातात. अंडे घातल्यावर साधारण अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो. म्हणून रोजची वेळ थोडी थोडी पुढे सरकते आणि दुपारवर गेली की एक दिवस खाडा पडतो. बँटममध्ये हे खाडे लवकर येतात: दोन-तीन अंडी, मग एक दिवस रिकामा.

अंडी देणे चालू राहायला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. मुंबईत डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो. थंड देशांतल्यासारखी हिवाळ्यातली पूर्ण बंदी इथे सहसा दिसत नाही. उलट फ्लॅटच्या गॅलरीत रात्री उशिरापर्यंत दिवा राहिला तर कोंबडीला दिवस सतरा तासांचा वाटतो. तलंग त्यामुळे अंगाने भरायच्या आत अंड्यावर येते, आणि अंडे अडकण्याचा किंवा मागचा भाग बाहेर येण्याचा धोका वाढतो. अशा गॅलरीत खुराड्यावर संध्याकाळी जाड कापड टाकावे, पण हवेची बाजू मोकळी ठेवावी.

एप्रिल-मेमध्ये खरी अडचण उकाड्याची. तापमान ३० अंशांच्या वर गेले की कोंबडी तोंड उघडून धापा टाकते. त्यात रक्तातला कर्बवायू निघून जातो आणि कवचासाठी लागणारे बायकार्बोनेट कमी पडते. अंडी पातळ कवचाची येतात. नुसता शिंपल्यांचा चुरा वाढवून हे थांबत नाही. ओल्या गोणपाटाचा उपाय विदर्भाच्या कोरड्या हवेत चांगला चालतो. मुंबईच्या दमट हवेत पंखा आणि सावलीच अधिक उपयोगी. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्यावे. लेयर खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असावे. एका बँटमला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम पुरते. कोंबडा व पिल्ले सोबत असतील तर सर्वांना कमी कॅल्शियमचे खाद्य देऊन शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा, कारण जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

पावसाळ्यात मका आणि शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी लागते, अंथरूण ओले राहिले की रक्ती हगवण येते. पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणावे. पावसानंतर पिसे झडू लागली की दोन-तीन महिने अंडी जवळजवळ बंद होतात. पिसे गळत नसताना अंडी अचानक थांबली किंवा वेडीवाकडी, सुरकुतलेली आली, तर मात्र रानीखेत या साथीच्या रोगाची किंवा श्वासनलिकेच्या संसर्गाची शंका घेऊन पशुवैद्याला दाखवावे.

दहा-पंधरा अंडी झाली की पेकिन आणि सिल्की हमखास खुडूक होतात, म्हणजे अंडी उबवायला बसतात; सेब्राइट क्वचित. खुडूक कोंबडी खोक्यातून उठत नाही, अंग फुगवते, चोच मारते, पोटाची पिसे उपटते. दिवसातून एकदाच वीसेक मिनिटे उठून खाते आणि मोठी, दुर्गंधी विष्ठा टाकते. पिल्ले नको असतील तर तिला जाळीच्या तळाच्या, खालून वारा लागणाऱ्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवावे. दाणापाणी मुळीच तोडू नये. पोटाखालची ऊब गेली की खुडूक मोडते, पण पुन्हा अंड्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतात. पाण्यात बुडवण्याची जुनी रीत निर्दय आहे आणि दमट दिवसांत कोंबडी आजारीही पडते.

रवण बसवायची, म्हणजे कोंबडीखाली अंडी उबवायला ठेवायची, तर साधारण २५ सेंटीमीटर लांब-रुंद खोके किंवा टोपली, पेंढा घालून, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. स्वतःची सहा ते आठ अंडी बँटमला झाकता येतात, मोठ्या जातीची चार-पाचच. मुंबईत रवणीची जास्त बिघाडी साठवणुकीत होते. अंडी १५ ते १८ अंशांत आठवडाभर चांगली राहतात; घरातल्या तीस अंशांत गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. एसीच्या खोलीत ठेवता येत नसतील तर तीन-चार दिवसांपेक्षा जुनी अंडी बसवू नयेत. अंडी धुऊ नयेत, कवचावरचा रक्षक थर निघून जातो. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहावे. शिरांचे जाळे न दिसणारी अंडी काढावीत. पिल्ले २०व्या-२१व्या दिवशी, सेरामाची बहुधा १९व्या दिवशी निघतात.

पेकिनची अंडी वांझ निघाली तर जोडीच्या मागच्या भागाची, मिलनात आड येणारी दाट पिसे कातरून पाहावे. चाबोचे कारण वेगळे आहे: आखूड पायांचे जनुक दोन्हीकडून आले की गर्भ अंड्यातच मरतो. आखूड पायांच्या जोडीत फलित अंड्यांतली चौथाई त्यामुळेच जातात. एक आखूड आणि एक लांब पायांचा पक्षी जोडला तर ही मर टळते. निम्मी पिल्ले लांब पायांची निघतात, ती पुढच्या जोड्यांसाठी राखून ठेवावीत.