गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतरचे दिवस (ग्रामीण विदर्भ)

गर्भपिशवी काढल्यावर बाई पूर्ण बरी व्हायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. पोटावर चिरा देऊन ऑपरेशन झालं असेल तर एवढे धरायचेच, खालून किंवा दुर्बिणीतून झालं असेल तर ती जरा लवकर हिंडूफिरू लागते. पण पिशवी काढल्यावर योनीचं वरचं तोंड आतून शिवून बंद करतात, ते टाके कोणालाच दिसत नाहीत, आणि घरच्यांची गफलत होते ती इथेच, पोटावरचे टाके ८-१० दिवसात निघाले की सगळ्यांना वाटतं झालं बाई, आता लागली कामाला.

दवाखान्यात पहिल्या दिवशी सलाईन आणि लघवीची नळी असते, नळी बहुतेक दुसऱ्या दिवशी काढतात आणि लगेच चालायला लावतात. दुखतंय म्हणून पडून राहू नका, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ते चालणं असतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यामुळे दोन-तीन दिवस चक्क खांदा दुखतो, त्याने घाबरायचं कारण नाही.

घरी आल्यावर खाली सतरंजीवर झोपवू नका, बाज किंवा खाट द्या, कारण जमिनीवरून उठताना सगळा ताण पोटावर येतो. उठायचं ते आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, कोपराच्या टेक्याने. खोकला किंवा शिंक आली तर घडी केलेलं लुगडं पोटाशी दाबून धरायचं, खूप आराम पडतो. उकिडवं बसणं सुरुवातीला जड जातं, म्हणून संडाससाठी मध्ये भोक असलेली खुर्ची मिळाली तर बघा.

आता वजनाचं. ६ आठवडे भारी काही उचलायचं नाही, साधारण ४-५ किलोच्या वर नाहीच. १५ लिटरचा गुंड म्हणजे १५ किलो पाणी, वरून भांड्याचं वजन वेगळं. आपल्याकडे बऱ्याच बाया ऑपरेशन उन्हाळ्यावर ढकलतात, कापूस वेचून झाला, शेतात काम नाही, लेकरांना सुट्ट्या, म्हणून. पण विदर्भात पाण्याचे हाल तेव्हाच असतात, हापशीवर रांग लागते आणि पाणी आणायचं ते बाईनेच. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी पाणी कोण भरणार, गुरांचं कोण बघणार हे घरात बोलून ठरवा, नवऱ्याने भरलं तर काही बिघडत नाही. पाऊस लागल्यावर निंदनाला, रोवण्याला वाकायचं तेही डॉक्टरने तपासून हो म्हटल्यावरच. आतले टाके उसवले तर जोरात रक्त जातं आणि परत ऑपरेशन थेटरात न्यावं लागतं, हे क्वचित होतं पण होतं. नवराबायकोचे संबंधही निदान ६ आठवडे बंद.

खाण्याबद्दल खूप गैरसमज आहेत. भाताने टाके पिकतात, पाण्याने जखम पाणी धरते, असं सांगून बाईला कोरड्या भाकरीवर ठेवतात, हे चूक आहे. टाके पिकतात ते जंतूंमुळे. वरण, अंडी, दूध, पालेभाजी सगळं द्या आणि पाणी भरपूर द्या, नाहीतर संडास कडक होते आणि जोर लावला की टाक्यांवर ताण येतो. ४४-४५ डिग्रीच्या उन्हात घामाने चिरा ओला राहतो, तो रोज स्वच्छ धुऊन कोरडा ठेवायचा, सुती सैल कपडे घालायचे, हळद किंवा राख लावायची नाही.

थोडं लालसर किंवा तपकिरी जाणं काही आठवडे चालतं, टाके विरघळताना मध्येच थोडं जास्त दिसतं. पण तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, १००.४ च्या वर ताप असेल, वास मारणारं पाणी जात असेल, एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल, दम लागत असेल किंवा लघवी आपोआप सतत गळत असेल तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका, १०८ ला फोन लावा.

पाळी कायमची बंद होते. अंडाशय ठेवले असतील तर म्हातारपण लगेच येत नाही, पाळी जायचं वय थोडं अलीकडे येऊ शकतं एवढंच. दोन्ही अंडाशय काढले असतील तर मात्र अंगातून गरम वाफा, रात्रीचा घाम, झोप उडणं, चिडचिड एकदम सुरू होते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. ती बाई नाटकं करत नसते हो, तिला डॉक्टरकडे न्या, कॅल्शियम आणि गरज असेल तर हार्मोनच्या गोळ्या मिळतात. तरुणपणी गरज नसताना पिशवी काढणं म्हणूनच वाईट. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याचं प्रकरण गाजलं, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशी ऑपरेशनं रोखायचे केंद्राचे नियम ३ महिन्यांत लागू करा असं राज्यांना सांगितलं.

सुट्टी होताना डिस्चार्ज कार्डावर काय काय काढलं ते विचारून घ्या, म्हणजे अंडाशय आहेत का, पिशवीचं तोंड ठेवलं का. तोंड ठेवलं असेल तर कॅन्सरची तपासणी पुढेही करावी लागते. काढलेल्या पिशवीचा तुकडा तपासायला पाठवतात, तो रिपोर्ट आणायला बरेच जण परत जातच नाहीत, तो आणा, डॉक्टरला दाखवा आणि कार्डासोबत जपून ठेवा.