चार बटणांचा प्रभाग आणि कामगारांचा उमेदवार

सांगलीत कामगारांच्या बाजूने कुणी महापालिकेला उभं राहतंय म्हटलं, की कट्ट्यावर पहिला प्रश्न येतो, 'पॅनेल कुणाचं?' पॅनेल म्हणजे एकाच प्रभागातल्या सगळ्या जागांसाठी मिळून उभे राहिलेले उमेदवार. हा प्रश्न फार जुना नाही.

पट्टी भरणाऱ्यालाच मत, अशा काळात हमाल किंवा धुणंभांडी करणारी बाई मतदारयादीतच नसायची. ते स्वातंत्र्यानंतर बदललं. पुढे ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड एकत्र करून महापालिका झाली आणि गल्लीतल्या ओळखीवर निवडून येण्याचे दिवस सरत गेले.

खरा घोळ 'प्रभाग' या शब्दात आहे. जुनी माणसं अजून 'वॉर्ड' म्हणतात आणि एक वॉर्ड, एक नगरसेवक असंच धरून चालतात. राज्यात २००७ च्या सुमारास तसं होतंही. २०१२ ला एका प्रभागात दोन जागा आल्या, २०१७ ला चार. नंतरच्या सरकारने पुन्हा एकावर आणलं, २०२१ मध्ये तीन केलं, २०२२ मध्ये सत्ता बदलली आणि परत चार. मुंबईला यातून वगळलं, तिथे आजही एकच. छोट्या शहरांना चार का, याचं पटेल असं उत्तर मी तरी ऐकलेलं नाही. मोठा प्रभाग असला की नगरसेवक शहराचा विचार करतो, असं समर्थक म्हणतात. गटार तुंबल्यावर चौघांपैकी कुणाला फोन करायचा, ते मात्र सांगत नाहीत.

सांगलीत २०१८ ला २० प्रभागांत ७८ जागा होत्या, म्हणजे १८ प्रभाग चारचे आणि दोन तीनचे. २०११ च्या जनगणनेतल्या सुमारे पाच लाख लोकसंख्येला भागलं, तर चारच्या प्रभागात पंचवीस हजार माणसं येतात. पक्षाचे चौघे एकाच पत्रकावर, एकाच रिक्षातून फिरतात. एकट्या अपक्षाला तेवढाच प्रभाग स्वतःच्या पायांनी पालथा घालावा लागतो, तोही रोजगार बुडवून. मशीनवर अ, ब, क, ड असे गट, प्रत्येक गटात एक मत. पहिलं बटण दाबून निघालेल्या म्हातारीला 'आज्जी, अजून तीन राहिली' म्हणून परत बोलवावं लागतं. उरलेली तीन मतं मग सवयीच्या चिन्हावर पडतात, आणि आपला माणूस नेमका ड गटात असतो.

दुसरी अडचण त्याहून खोल. १९६९ च्या माथाडी कायद्यानंतर संघटना उभ्या राहिल्या त्या कामाच्या जागी. हळदीच्या सौद्याला मार्केट यार्डात पोती उचलणारे किंवा कुपवाड एमआयडीसीत पाळीला जाणारे एका हाकेला जमतात, पण मत पडतं ते घराच्या पत्त्यावर. बुधगाव, माधवनगरहून येणाऱ्याचं मत ग्रामपंचायतीला, शहरातल्यांची पाच-सहा प्रभागांत विखुरलेली. मोर्चाला दिसलेली गर्दी मतपेटीत सापडत नाही, ती यामुळे. त्यात पालिकेच्या नोकरीतल्या सफाई कामगाराला कायद्याने उभंच राहता येत नाही. शहर ज्याला सगळ्यांत जवळून माहीत, तोच बाद.

ऑगस्ट २०२३ मध्ये मुदत संपल्यावर ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात निवडणूक अडकली आणि दोन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचं राज्य चाललं. नगरसेवकच नाही म्हटल्यावर गाऱ्हाणी संघटनेच्या टेबलावर यायला लागली. पाणी, दिवाबत्ती, घंटागाडी. जानेवारी २०२६ ला मतदान झालं तेव्हाही बहुतेक प्रभाग चारचेच होते.