सीलिॲक रोग

सीलिॲक रोग : गहू, सातू (जव) व राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे, आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा करणारा आणि आयुष्यभर राहणारा विकार. गव्हाची ॲलर्जी वेगळी आणि हा रोग वेगळा. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते, म्हणून त्याची गणना स्वयंप्रतिरक्षा विकारांत होते. अशा विकारांपैकी बहुतेकांचे बाह्य कारण नेमके सांगता येत नाही. या रोगाचे कारण माहीत आहे आणि ते ताटातून काढूनही टाकता येते. ग्लुटेन कायमचे वर्ज्य करणे हा आज त्यावरील एकमेव सिद्ध उपचार आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार बायॉप्सीने (आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढून केलेल्या तपासणीने) सिद्ध झालेल्या रोगाचे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे ०.७ टक्के येते.

इतिहास : कॅपाडोशियाचा ग्रीक वैद्य अरेटीअस (इ. स. पहिले किंवा दुसरे शतक, काळाबद्दल एकमत नाही) याने न पचलेले अन्न पडणारे जुनाट जुलाब आणि त्यामुळे खंगत जाणारा रोगी यांचे वर्णन केले आहे. फ्रान्सिस ॲडम्सच्या १८५६ मधील इंग्रजी भाषांतरामुळे ते आधुनिक वैद्यांसमोर आले. हे वर्णन आजच्या सीलिॲक रोगाचेच आहे असे सर्रास लिहिले जाते. परंतु अपशोषणाच्या (अन्न नीट शोषले न जाण्याच्या) इतर अनेक विकारांनाही ते लागू पडते, तेव्हा ते सूचक मानणेच योग्य. इटलीतील कोसा येथे मिळालेल्या, इ. स. पहिल्या शतकातील समजल्या जाणाऱ्या एका तरुण स्त्रीच्या सांगाड्यात कुपोषणाच्या खुणांबरोबर एचएलए-डीक्यू २.५ हा या रोगाची प्रवृत्ती दर्शवणारा जनुकप्रकार आढळला आहे. हा पुरावा अधिक वजनदार असला तरी हाच जनुकप्रकार असंख्य निरोगी माणसांतही असतो, हे लक्षात ठेवावे लागते. चरकसंहितेतील ग्रहणीदोषाशी या रोगाची सांगड घालण्याचा प्रयत्न काही लेखक करतात. लक्षणांत साम्य आहे, पण त्या वर्णनात गव्हाकडे कारण म्हणून बोट दाखवलेले नाही. दोहोंना एक समजण्यास आधार अपुरा वाटतो.

आधुनिक वर्णनाचा मान लंडनचे सॅम्युअल गी यांच्याकडे जातो. त्यांचे व्याख्यान १८८७ मध्ये झाले आणि १८८८ मध्ये छापले गेले. रोगी बरा व्हायचा असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांनी ओळखले होते. मात्र त्यांच्या पथ्यात भात आणि साबुदाणा निषिद्ध होते, तर पातळ कापून दोन्ही बाजूंनी चांगला भाजलेला पाव चालत असे. दिशा बरोबर होती, धान्य चुकले होते. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिश्चन हर्टर यांनी मुलांची वाढ खुंटवणाऱ्या आतड्याच्या विकारावर पुस्तक लिहिले, आणि पुढे अनेक वर्षे हा विकार ‘गी-हर्टर रोग’ म्हणून ओळखला गेला. १९२४ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांचा केळ्यांचा आहार आला. त्याने मुले सुधारत. पण सुधारणेचे श्रेय केळ्यांना दिले गेले. खरे कारण पाव आणि बिस्किटे बंद झाली हे होते. परिणामी बरी वाटू लागलेली मुले पुन्हा गव्हाकडे वळली.

गव्हाचा दोष सिद्ध करणारे डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके (१९०५–६२) यांच्याविषयी एक कथा रूढ आहे. १९४४–४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्समध्ये अन्नाचा दुष्काळ पडला, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले, पाव मिळेनासा झाला आणि सीलिॲकची मुले सुधारू लागली. नंतर विमानांतून टाकलेला पाव खाऊन ती पुन्हा आजारी पडली, आणि त्यावरून डिके यांना शोध लागला, अशी ही कथा आहे. ती चटकन पटते, परंतु कालक्रमाशी जुळत नाही. डिके १९३६ पासून हेग येथील जुलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख होते आणि गहू वगळलेल्या आहारावरील त्यांचा लेख १९४१ मध्ये, म्हणजे त्या हिवाळ्याच्या तीन वर्षे आधी, डच वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यांच्या पत्नीच्या आठवणींनुसार गव्हाविना आहाराचे प्रयोग १९३४ ते १९३६ च्या सुमारास सुरू झाले. पाव बंद केल्यावर मुलाचा त्रास कमी होतो, असे एका आईने सांगितले होते, त्यातून ही कल्पना आली असेही म्हटले जाते. त्यामुळे दुष्काळाने आधीच्या संशयाला बळकटी दिली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. युद्धानंतर डिके यांनी मोजक्या मुलांना आळीपाळीने गहू देऊन व बंद करून त्यांची वजने व वाढ काटेकोर नोंदवली. त्यावर आधारलेला त्यांचा प्रबंध १९५० मध्ये उट्रेख्त विद्यापीठात सादर झाला. रसायनज्ञ यान व्हान द कामर यांनी विष्ठेतील चरबी मोजण्याची पद्धत तयार केली होती. तिच्या साह्याने डिके, वेयर्स व व्हान द कामर यांनी १९५३ पर्यंत दाखवून दिले की दोष गव्हाच्या स्टार्चमध्ये नसून ग्लुटेनमध्ये, विशेषतः त्यातील अल्कोहोलमध्ये विरघळणाऱ्या ग्लायडिन या भागात आहे. १९५४ मध्ये जॉन पॉली यांनी शस्त्रक्रियेत मिळालेल्या आतड्याच्या तुकड्यांत अस्तर सपाट झालेले पाहिले. त्यानंतर मार्गो शायनर यांची नळी (१९५६) व क्रॉस्बी यांची कॅप्सूल (१९५७) आल्यावर पोट न उघडता तुकडा काढणे शक्य झाले.

विकृतिविज्ञान : ग्लायडिनमध्ये प्रोलीन व ग्लुटामीन ही अमिनो अम्ले विपुल असल्याने पाचक रस त्याचे पुरते तुकडे करू शकत नाहीत. ३३ अमिनो अम्लांचा असा एक टिकून राहणारा तुकडा २००२ मध्ये ओळखला गेला. ट्रान्सग्लुटामिनेज या ऊतींतील विकराने (एंझाइमाने) या तुकड्यांत बदल केला की ते एचएलए-डीक्यू २ किंवा डीक्यू ८ रेणूंना घट्ट चिकटतात आणि प्रतिकारयंत्रणेतील टी-पेशी चेतवल्या जातात. याच विकराविरुद्ध शरीर प्रतिपिंडे बनवते, हे १९९७ मध्ये जर्मनीत सिद्ध झाले. आजची रक्तचाचणी त्यावरच उभी आहे. निरोगी अस्तरावर बोटांसारखे उंच रसांकुर असतात. रोगात ते आखूड होत शेवटी नाहीसे होतात आणि त्यांच्यामधील खाचा खोल होतात. लोह, फॉलिक अम्ल, कॅल्शियम ज्या भागात शोषले जाते, तोच आतड्याचा सुरुवातीचा भाग सर्वाधिक बिघडतो. वरील जनुकप्रकार ३० ते ४० टक्के लोकांत असतात, पण त्यांतील थोड्यांनाच रोग होतो. बाळाला गहू कोणत्या महिन्यात सुरू केला किंवा किती काळ अंगावर पाजले, याने रोग टळत नाही, असे २०१४ मधील दोन मोठ्या युरोपीय अभ्यासांत दिसले. आईने स्वतःला दोष देण्याचे काहीच कारण नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगायला हवे.

लक्षणे : फुगलेले पोट, बारीक हातपाय, वारंवार जुलाब आणि चिडचिडे मूल हे पाठ्यपुस्तकातील चित्र. प्रत्यक्षात अनेकांना जुलाब होतच नाहीत. गोळ्या घेऊनही न हटणारा लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय, खुंटलेली उंची, उशिरा आलेली पाळी, वारंवार गर्भपात, तोंड येणे, ठिसूळ हाडे किंवा यकृताच्या चाचण्यांतील किरकोळ वाढ एवढेच लक्षण असू शकते. कोपर व गुडघ्यांवर उठणारे, भयंकर खाजणारे पाणीदार फोड (हर्पिटिफॉर्म त्वचाशोथ) हे त्याच रोगाचे त्वचेवरील रूप आहे. प्रकार १ मधुमेह, थायरॉइडचे स्वयंप्रतिरक्षा विकार, डाउन व टर्नर लक्षणसमूह असलेल्यांत आणि रुग्णाच्या आई-वडील, भावंडे व मुले यांच्यात हा रोग बराच जास्त आढळतो. त्यांची तपासणी लक्षणे नसतानाही करावी.

निदान : सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नये. ‘महिनाभर पोळी सोडून बघा’ हा आपुलकीने दिलेला सल्ला निदानाचे मोठे नुकसान करतो. प्रतिपिंडे उतरतात, अस्तर भरून येऊ लागते आणि तपासणी खोटी निर्दोष येते. मग निश्चितीसाठी रोज किमान ३ ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे साधारण दोन स्लाइस पाव, दोन ते आठ आठवडे पुन्हा खावे लागते. पोळी सोडल्यावर बरे वाटलेल्या माणसाला हे फार जड जाते.

पहिली पायरी म्हणजे ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) प्रतिपिंडांची रक्तचाचणी. सोबत एकूण आयजीए मोजावे. सीलिॲक रुग्णांपैकी दोन-तीन टक्क्यांत आयजीए मुळातच कमी असते आणि चाचणी फसते. त्यांच्यात आयजीजी प्रकारच्या चाचण्या उपयोगी पडतात. चाचणीत प्रतिपिंडे वाढलेली आढळल्यास एंडोस्कोपीने आद्यांत्राचे (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे) तुकडे घेतात. अस्तराच्या घड्यांची कड करवतीसारखी दातेरी दिसू शकते, पण अस्तर डोळ्यांना निरोगी दिसले तरी तुकडे घ्यायचेच. इजा सलग नसून ठिपक्याठिपक्यांनी असते, म्हणून आद्यांत्राच्या दुसऱ्या भागातून किमान चार आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन तुकडे घेण्याचा संकेत आहे. अहवाल मार्श वर्गीकरणात (१९९२; ओबरहुबर यांची सुधारणा १९९९) देतात. केवळ लसीकापेशी वाढलेल्या असणे म्हणजे मार्श १, खाचाही खोल झालेल्या असणे म्हणजे मार्श २, आणि रसांकुर आखूड होण्यापासून ते पूर्ण नष्ट होईपर्यंत ३ अ, ब, क. मार्श १ वरून आयुष्यभराचे पथ्य लादणे धोक्याचे आहे. जंतुसंसर्ग, जिआर्डिया हा आतड्यातील परजीवी, वेदनाशामके यांनीही तेच चित्र दिसू शकते. जनुकचाचणीचा उपयोग रोग नाकारण्यासाठी होतो, सिद्ध करण्यासाठी नाही.

बायॉप्सी अनिवार्य आहे का, हा वाद जुना आहे. युरोपीय बालजठरांत्रतज्ज्ञांच्या संस्थेने १९६९ च्या इंटरलाकेन बैठकीत पथ्याआधी, पथ्यावर आणि पुन्हा ग्लुटेन दिल्यावर अशा तीन बायॉप्सींचा आग्रह धरला. १९९० मध्ये तो बहुतांशी एकीवर आला. २०१२ व २०२० च्या मार्गदर्शिकांनुसार, मुलांत प्रतिपिंडे सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असतील आणि दुसऱ्या रक्तनमुन्यात एंडोमायसियल ही दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडेही मिळाली, तर बायॉप्सी टाळता येते. भारतात वेगवेगळ्या चाचणी-संचांची प्रमाणे एकसारखी नसल्याने ही सवलत जपून वापरावी.

भारतातील आढळ : वालिया व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये उत्तर भारतीय मुलांतील रोगाचे वर्णन केले. तरी पुढे बराच काळ हा गोऱ्यांचा आजार समजला गेला, आणि जुनाट जुलाब असलेल्या रुग्णाला संग्रहणी (उष्णकटिबंधीय स्प्रू), आतड्याचा क्षय किंवा निव्वळ कुपोषण यांपैकी एखादे नाव मिळाले. दिल्ली परिसरातील २०११ मधील समाजाधारित अभ्यासात सुमारे ९६ जणांमागे एक रुग्ण आढळला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३,३३१ निरोगी प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष विशेष बोलके आहेत : रोगाचे प्रमाण उत्तरेत दर हजारी ८.५३, ईशान्येत ४.६६ आणि दक्षिणेत ०.११. जनुकप्रकारांचे प्रमाण मात्र तिन्हीकडे जवळपास सारखेच, ३१ ते ३८ टक्के. रोजचा सरासरी गहू अनुक्रमे ४५५, ३७ व २५ ग्रॅम. म्हणजे फरकाचा मोठा वाटा ताटातल्या गव्हाचा असावा, पण ईशान्य आणि दक्षिण यांतील तफावत केवळ गव्हाने उलगडत नाही. महाराष्ट्रात ज्वारी-बाजरीची जागा दोन पिढ्यांत पोळी, पाव आणि बिस्किटांनी घेतली आहे. त्यामुळे न हटणाऱ्या रक्तक्षयात येथील डॉक्टरांनीही ही चाचणी सांगायला हवी.

ग्लुटेनमुक्त आहार : गहू म्हणजे कणीक, मैदा, रवा, लापशी, शेवया आणि गव्हाच्या चिकाच्या कुरडयाही. मधुमेहासाठी चांगला म्हणून विकला जाणारा खपली गहू हाही गहूच असून तो पूर्ण वर्ज्य आहे. भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि सर्व डाळी चालतात. भाकरीची सवय असलेल्या घराला त्यामुळे मोठा आधार मिळतो, आणि उपवासाचे बहुतेक पदार्थ जसेच्या तसे उपयोगी पडतात. उकडीचे मोदक चालतात, कणकेचे तळणीचे नाहीत. अडचण लपलेल्या गव्हाची असते. हिंगाच्या पुडीत बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. मेतकूट, थालीपिठाची भाजणी व सातूचे पीठ यांत गहू पडतो. माल्ट घातलेली पेये सातूपासून होतात. सोया सॉसमध्येही गहू असतो.

सरमिसळीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. २००७ मधील एका चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर अस्तराला इजा दिसली. तेवढे ग्लुटेन सुमारे अर्धा ग्रॅम कणकेत असते. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाला की तो दगडांत, तोंडाला बांधलेल्या कापडी नळीत आणि कडेच्या धुरळ्यात राहतो. त्यावर ज्वारी टाकली की पहिल्या पिठाबरोबर तो डब्यात उतरतो. म्हणून शक्य असेल त्यांनी घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच दळू नये. पोळपाट-लाटणे, चाळणी आणि परात वेगळी ठेवावी; तवा व तळणीचे तेलही वेगळे असावे. हॉटेलात भाकरीच्या पिठात कणीक नाही ना, हे विचारायला संकोचू नये. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन असलेल्या पदार्थावरच ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिता येते. २० ते १०० असल्यास ‘अल्प ग्लुटेन’, आणि ते सीलिॲक रुग्णासाठी नव्हे. ओट्स शुद्ध असल्याची खात्री असेल तरच, आणि तेही रोग आटोक्यात आल्यावर.

पथ्याचा खरा कस पंक्तीत लागतो. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो. ‘चिमूटभराने काय होतंय’ हा आग्रह मोडणे लहान मुलाला जमत नाही, ते मोठ्यांनी त्याच्या वतीने करावे. गोवा व वसईतील कॅथलिकांपुढे पवित्र कम्युनियनच्या गव्हाच्या वड्यांचा प्रश्न येतो. २००३ व २०१७ च्या व्हॅटिकनच्या पत्रांनुसार पूर्ण ग्लुटेनविरहित वडी ग्राह्य नाही, अल्प ग्लुटेनची चालते, आणि केवळ द्राक्षारसही घेता येतो. मुलीचे निदान लग्नाच्या बोलण्यांत लपवले जाते आणि सासरी ती मुकाट्याने पोळी खाते, असेही घडते. हे लपवणे तिच्या हाडांना आणि पुढे गर्भारपणाला महागात पडते.

पाठपुरावा : जुलाब व थकवा काही आठवड्यांत कमी होतो. प्रतिपिंडे सहा महिने ते दोन वर्षांत उतरतात. प्रौढांत अस्तर भरून येण्यास त्याहून अधिक काळ लागू शकतो. आरंभी लोह, फॉलिक अम्ल, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम द्यावे लागते, आणि काहींना दूध तात्पुरते सोसत नाही. पथ्य न पाळल्यास क्वचित लहान आतड्याचा टी-पेशी लिम्फोमा (लसीकापेशींचा कर्करोग) उद्भवतो. ट्रान्सग्लुटामिनेज रोखणाऱ्या झेडईडी १२२७ या औषधाने मर्यादित चाचणीत (२०२१) अस्तराचे संरक्षण केल्याचे दिसले. लॅरॅझोटाइड या दुसऱ्या औषधाची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी २०२२ मध्ये थांबवण्यात आली.