तस्य तृतीया गतिर्भवति

दानं भोगो नाशस्तिस्रो गतयो भवन्ति वित्तस्य ।
यो न ददाति न भुङ्क्ते तस्य तृतीया गतिर्भवति ॥

दिवेलागणीला परवचा झाला की आमच्या घरी हा श्लोक व्हायचा. पैशाला तीन वाटा: द्यावा, भोगावा, नाहीतर तो नासतो. देत नाही आणि भोगतही नाही, त्याच्या वाट्याला तिसरी. ‘तिसरी’ कोणती, हे श्लोक पुन्हा सांगत नाही. आजी तिथे थांबायची आणि आम्ही बोटं मोजायचो. करंगळी दान, अनामिका भोग, मधलं बोट नाश. तो शब्द आपल्याच तोंडून निघायचा, म्हणून तो मनात रुतून बसला.

हा श्लोक भर्तृहरीच्या नीतिशतकात आहे, तसाच पंचतंत्रातही. तो नेमका कुणाचा, हे ठरवणं अवघड. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने गणिती. त्यांनी शेकडो हस्तलिखितं ताडून 1948 साली भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा बहुतेक सगळ्या पाठपरंपरांना समान असे साधारण 200च श्लोक निघाले. बाकीचे लोकांनी पाठ करता करता आत आणले. सुभाषितं अशीच वाढतात.

मराठी तोंडात हा श्लोक सहज बसतो, कारण तो आर्या वृत्तात आहे. चार चरणांत मात्रा 12, 18, 12, 15. ‘आर्या मयूरपंतांची’ म्हणणाऱ्यांच्या कानाला ही चाल परकी कशी वाटेल? नीतिशतक मराठीत आणलं ते या मोरोपंतांच्याही आधी, सतराव्या शतकात वामनपंडितांनी. ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता’ ही आपण म्हण म्हणून वापरतो ती ओळ त्यातलीच.

पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रात हिरण्यक उंदीर भेटतो. त्याच्या बिळाखाली धन पुरलेलं असतं, आणि त्या धनाच्या उबेवर तो खुंटीला टांगलेल्या भिक्षापात्रापर्यंत उडी मारतो. धन खणून नेल्यावर त्याची उडी तिथवर पोचत नाही. याच तंत्रात आणखी एक आर्या आहे:

दातव्यं भोक्तव्यं धनविषये सञ्चयो न कर्तव्यः ।
पश्येह मधुकरीणां सञ्चितमर्थं हरन्त्यन्ये ॥

मधमाश्यांनी साठवलेलं दुसरेच नेतात, म्हणून साठवू नका. मला ही मधमाशी फार जवळची वाटते. आपल्याकडे तिच्याच नावाने माधुकरी चालायची: गरीब विद्यार्थ्याने पाच-सात घरी जाऊन थोडं थोडं शिजलेलं अन्न आणायचं. पुण्यात 1909 साली सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलंही माधुकरी मागून शिकली. श्लोकातली मधमाशी साठवते आणि गमावते. माधुकरीतली मात्र प्रत्येक फुलाकडून थोडंच घेते. दारात ‘ॐ भवति भिक्षां देहि’ ऐकू आलं की भाताचा एक वाढा आणि पळीभर आमटी बाहेर यायची, आणि मुलगा पुढच्या घराकडे वळायचा.