एक जूनचे वाढदिवस आणि मनगटाची हाडं

खानापूर तालुक्यातल्या जुन्या मराठी शाळेचं रजिस्टर उघडलं, तर निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली दिसतील. आई सांगायची, "भाताच्या मळणीत झाला." मग गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे न्यायचे. बोटं कानाला टेकली की सहा पूर्ण, तारीख १ जून. परीक्षा अगदीच अडाणी नव्हती. सहाव्या वर्षापर्यंत डोकं बहुतेक वाढलेलं असतं, हात मात्र लांबतच राहतात.

वयात येणाऱ्या पोरांसमोर असली परीक्षा टिकत नाही. तालमीत एकाच वर्गातले दोघे बघा. एकाला मिसरूड फुटलेलं, दुसरा अजून काडी. मुलग्यांत हा बदल नऊ ते चौदा या वयात केव्हाही सुरू होतो, आणि ते सगळं नॉर्मलच. ज्यांच्या नावानं वयात येण्याचे टप्पे ओळखले जातात, त्या जेम्स टॅनर यांनीच १९९८ मध्ये बजावलं, की या टप्प्यांवरून वय काढू नका.

म्हणून डॉक्टर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात. मनगटात आठ छोटी हाडं. जन्मतः ती मऊ, लवचिक कूर्चेची, म्हणून फोटोत दिसतच नाहीत. मग वर्षानुवर्षं एकेक उगवतं. शेवटी लांब हाडांच्या टोकाची वाढीची चकती बुजते, मुलींत मुलग्यांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी. ती बुजवतं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं संप्रेरक, मुलग्यांतसुद्धा! १९९४ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या एका माणसाची नोंद झाली. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. उंची २०४ सेंटिमीटर, चकत्या अजून उघड्या, हाडांचं वय पंधरा.

फोटो ताडून बघायचा ग्रॉयलिश आणि पाइल यांचा प्रसिद्ध एक्स-रे चित्रसंग्रह अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या खात्यापित्या घरच्या मुलांवर बेतलेला. पोटाला कमी पडलं किंवा आजार लांबला, तर हाडं मागे राहतात. अक्कलदाढ बघावी तर ती सतरा ते एकवीसमध्ये कधीही येते, काहींना येतच नाही. सर्वोच्च न्यायालयानंही १९८२ मध्ये एक्स-रेच्या वयात दोन वर्षं इकडेतिकडे धरली. सोळा म्हटलं तर चौदाही, अठराही.

अल्पवयीनांबाबतच्या २०१५ च्या कायद्यात म्हणूनच हाडांची तपासणी शेवटी येते, कागद नसेल तरच. आधी मागतात शाळेचा दाखला. तोच, कान धरून लिहिलेला.