हलक्या विमानातून मित्रांसह एक दिवस : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून एका दिवसासाठी वैमानिकासह विमान घेणारे मित्र चौकशी करतात ती साधारणपणे कुठे जाता येईल, किती उंचावरून जाता येईल आणि छायाचित्रे कशी येतील याची. आम्ही मात्र पहिला प्रश्न विचारतो तो प्रत्येकाच्या वजनाचा. हा प्रश्न काहींना आगाऊपणाचा वाटतो, म्हणून त्यामागचे गणित येथे सविस्तर मांडत आहोत.

आमचे विमान सेसना 172 या जातीचे, त्यातील एस या प्रकारचे आहे. त्यात आसने चार, पैकी एक वैमानिकाचे, त्यामुळे आपण तिघेच येऊ शकता. उड्डाणाच्या वेळी या विमानाचे एकूण वजन 1157 किलोपेक्षा जास्त असता कामा नये. रिकाम्या विमानाचेच वजन सुमारे 770 किलो भरते, म्हणजे माणसे, सामान आणि इंधन या तिन्हींसाठी मिळून 387 किलो उरतात. दोन्ही पंखांतील टाक्या पूर्ण भरल्या, तर वापरता येण्याजोगे इंधन सुमारे 200 लिटर होते आणि त्याचे वजन 144 किलो. वैमानिकासह चौघांचे सरासरी वजन 75 किलो धरले तरी 300 किलो होतात, आणि बेरीज 57 किलोंनी मर्यादेबाहेर जाते. म्हणून चारही आसने भरलेली असताना आम्ही टाक्या निम्म्याच भरतो. 100 लिटर इंधनाचे 72 किलो आणि माणसांचे 300 किलो धरल्यावर सामानासाठी केवळ 15 किलो शिल्लक राहतात.

टाक्या निम्म्या म्हणजे पल्लाही निम्मा. हे इंजिन तासाला सुमारे 35 लिटर इंधन घेते, म्हणजे 100 लिटरमध्ये तीन तासही पुरे होत नाहीत. दिवसा किमान अर्ध्या तासाचे इंधन शिल्लक ठेवावे असा नियम अनेक देशांत आहे, आम्ही एक तासाचे ठेवतो. उरलेल्या पावणेदोन तासांत जे ठिकाण बसेल तेच आपले ठिकाण. त्यापलीकडे जायचे असेल तर वाटेत इंधन भरण्यासाठी उतरावे लागेल किंवा एका मित्राला मागे ठेवावे लागेल. कोणाला, हे आपण आपसात आधीच ठरवून यावे. धावपट्टीच्या कडेला उभे राहून हा निर्णय घेताना चांगल्या मैत्रीतही कुरबुर झालेली आम्ही पाहिली आहे.

त्यामुळे वजन कळवताना संकोच करू नये आणि मनाने दोन-चार किलो कमीही करू नयेत. कपडे, बूट आणि हातातील पिशवीसह वजन कळवावे. कोण कुठे बसणार हेही वैमानिक वजन पाहूनच ठरवतो, कारण एकूण वजन मर्यादेत असले तरी मागच्या बाजूला भार फार झाला, तर विमानाचा तोल बिघडतो आणि ते सांभाळणे अवघड होते. आसनांची अदलाबदल मधल्या मुक्कामी, जमिनीवरच करावी.

सकाळ

पहाटे निघण्याचा आमचा आग्रह हौसेखातर नाही. ऊन तापू लागले की जमिनीलगतची हवा गरम होऊन वर उसळते आणि हलके विमान तिच्यावर गचके खात जाते. गरम हवा विरळही असते, त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि तेच विमान तेवढ्याच वजनाने धावपट्टीवर जास्त अंतर धावते. सकाळच्या शांत हवेत पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाचे मत चांगले होते, दुपारी दोनला बसणाऱ्याचे पोट बिघडते.

आपण पोहोचाल तेव्हा वैमानिक एका पारदर्शक पेल्यात इंधनाचे नमुने घेत असेल. या विमानाला असा नमुना काढण्याचे तेरा निचरे (छोट्या झडपा) आहेत, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. इंधन फिकट निळे असते, पाणी त्याहून जड असल्याने तळाशी थेंब होऊन बसते आणि उजेडात धरल्यावर चटकन दिसते. या वेळी गप्पा मारण्याचा मोह होतो, पण कृपया त्याला मोजू द्यावे. जवळून पाहायचे असल्यास खुशाल पाहावे, मात्र विमानाकडे नेहमी पंखाच्या मागच्या बाजूने यावे आणि नाकावरच्या पंख्याला, तो स्थिर असला तरी, हात लावू नये.

पुढे बसणाऱ्याने आसन रुळावर सरकवल्यानंतर खटका बसल्याचा आवाज ऐकावा आणि मग अंग मागेपुढे करून आसन हलत नाही ना, हे पाहावे. चढताना आसन मागे घसरले तर माणूस हाताला येईल ते धरतो, आणि हाताला सुकाणूच येते. पायांखालच्या, विमान वळवण्याच्या पट्ट्यांवरही (पेडलवर) पाय ठेवू नयेत.

उड्डाणापूर्वी वैमानिक इंजिन मिनिटाला 1800 फेऱ्यांवर नेऊन त्याच्या दोन मॅग्नेटोंपैकी (इंधन पेटवणारी ठिणगी पुरवणाऱ्या यंत्रांपैकी) एकेक बंद करून पाहतो. तेव्हा आवाज किंचित खाली येतो, घाबरू नये. फेरे 150 पेक्षा जास्त घटले तर आम्ही उड्डाण रद्द करतो आणि त्या दिवसाचे पैसे परत देतो.

हवेत

धावपट्टी सोडताना आणि उतरताना बोलणे पूर्ण बंद ठेवावे, मात्र दुसरे विमान दिसले तर लगेच सांगावे. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगणे सर्वांत सोपे: नाकासमोर बारा, उजव्या हाताला तीन. अधिक डोळे केव्हाही उपयोगीच पडतात.

दार नीट लागले नसेल तर ते हवेत थोडे उघडते आणि मोठा आवाज होतो. वाऱ्याच्या दाबाने ते फारसे उघडू शकत नाही आणि विमान उडत राहते, म्हणून त्याच्याशी झटापट न करता वैमानिकाला सांगून स्वस्थ बसावे. इंजिन बंद पडल्यास काय, हा प्रश्न हमखास येतो. विमान दगडासारखे पडत नाही, एक किलोमीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर तरंगत जाते, आणि वैमानिक उतरण्याजोगी मोकळी जमीन सतत हेरत असतो.

मळमळू लागले तर मोबाइलवरून नजर काढून दूर क्षितिजावर ठेवावी आणि वेळेत सांगावे. उतरताना कानाला दडे बसतात, ते जांभई दिल्याने किंवा आवंढा गिळल्याने मोकळे होतात. नाक चोंदलेले असेल तर मात्र त्या दिवशी येऊ नये, कारण बंद कानात होणारी वेदना खाली उतरल्यावरही लगेच जात नाही. आदल्या दिवशी समुद्रात श्वसनटाकी लावून डुबकी मारली असल्यास 24 तास उड्डाण टाळावे.

परतणे

परतीच्या संध्याकाळी कोणतेही अटळ काम ठेवू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. सकाळी स्वच्छ असलेले आकाश दुपारी ढगांनी भरू शकते, आणि ढगांत शिरणे आमच्या उड्डाणांत निषिद्ध आहे. तेव्हा वैमानिक वाटेतून मागे फिरेल, दुसऱ्या धावपट्टीवर उतरेल किंवा मुक्कामीच थांबण्यास सांगेल. त्याला “एवढ्यात पोहोचू की” असे कोणीही म्हणू नये. तो आपल्याला नाराज करू इच्छित नाही, म्हणूनच त्या एका वाक्याचे त्याच्यावर ओझे होते. परतीसाठी रस्त्याने किंवा रेल्वेने जाण्याची सोय आधी पाहून ठेवलेले ग्राहक असे आग्रह करत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

उतरल्यावर पंखा पूर्ण थांबेपर्यंत पट्टे बांधलेलेच ठेवावेत. त्यानंतर विमान दोरांनी जमिनीला बांधायचे असते. या कामाला पाच मिनिटे लागतात आणि त्यात हातभार लावायला कोणालाही मुभा आहे, गाठ कशी मारायची ते वैमानिक दाखवेल.